बायोटेक कंपन्या नेमके काय करतात आणि त्यांची औषधे गोळीच्या रूपात का मिळत नाहीत?

आपण विचारले आहे की, आपल्या बहिणीला संधिवातासाठी डॉक्टरांनी ‘बायोलॉजिक’ प्रकारचे, म्हणजे जिवंत पेशींकडून तयार करवलेले, इंजेक्शन सुचवले असून ते एका बायोटेक कंपनीचे आहे. अशा कंपन्या इतर औषध कंपन्यांपेक्षा वेगळे काय करतात, हे औषध गोळीच्या रूपात का मिळत नाही, आणि त्याऐवजी ‘बायोसिमिलर’, म्हणजे दुसऱ्या कंपनीने मूळ औषधाच्या धर्तीवर तयार केलेले औषध, घेतले तर चालेल का. मी पेशी-संवर्धनाच्या विभागात, म्हणजे अशी औषधे जिथे प्रत्यक्ष तयार होतात तिथे, चौदा वर्षे काम केले आहे. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच. परंतु हे औषध कसे तयार होते ते मी जवळून पाहिले आहे, आणि आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच सापडतात.

नेहमीचे औषध रसायनांपासून पायरीपायरीने घडवले जाते, तर बायोटेक औषध जिवंत पेशीकडून करवून घेतले जाते. पेशीत योग्य जनुक घातले की ती त्या जनुकाच्या हुकमानुसार प्रथिन तयार करू लागते, आणि ते प्रथिन वेगळे काढून शुद्ध केले की तेच औषध होते. ॲस्पिरिनच्या एका रेणूत अवघे २१ अणू असतात. संधिवातात वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडाच्या (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारे प्रथिन) एका रेणूत ते सुमारे २०,००० असतात. एवढा मोठा आणि घड्या घातलेला रेणू कारखान्यात रसायने मिसळून जुळवणे व्यवहारात शक्य नाही. गोळी का नाही, याचेही उत्तर इथेच मिळते: प्रथिन पोटात गेले की जठर आणि आतडे ते डाळीतल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनासारखेच पचवून टाकतात, म्हणून ते सुईवाटेच द्यावे लागते.

या उद्योगाची सुरुवात इन्सुलिनपासून झाली, असे म्हणणे रास्त आहे. १९२२ साली मधुमेहाच्या रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले आणि पुढची साठ वर्षे ते गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात होते. १९७३ मध्ये हर्बर्ट बॉयर आणि स्टॅन्ली कोहेन यांनी एका सजीवाचे जनुक जीवाणूत घालून ते वाढवून दाखवले. त्यानंतर रॉबर्ट स्वॉन्सन नावाचा एक तरुण गुंतवणूकदार बॉयर यांना भेटायला गेला आणि १९७६ मध्ये दोघांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून जेनेनटेक ही कंपनी सुरू केली. इन्सुलिनचा रेणू ५१ अमिनो आम्लांचा असून त्यात दोन साखळ्या असतात. त्या साखळ्यांची जनुके प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या जुळवून, दोन वेगवेगळ्या जीवाणूंच्या वाणांत घालून, त्यांच्याकडून मिळालेल्या साखळ्या एकमेकींना जोडण्याचे काम १९७८ मध्ये तडीस गेले. मात्र औषध मोठ्या प्रमाणात तयार करून रुग्णांपर्यंत पोचवण्याची ताकद या छोट्या कंपनीत नव्हती, म्हणून तिने एलाय लिली या जुन्या कंपनीशी करार केला आणि १९८२ मध्ये मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. शोध लहान कंपनीचा, पैसा आणि पसारा मोठ्या कंपनीचा, ही जी घडी तेव्हा बसली, ती आजही बऱ्याच अंशी तशीच आहे.

या पद्धतीचे मोल केवळ सोयीपुरते नव्हते. वाढ खुंटलेल्या मुलांना लागणारे वृद्धी-संप्रेरक पूर्वी मृत व्यक्तींच्या पियुषिका ग्रंथीतून काढत असत, आणि १९८५ मध्ये असे दिसून आले की त्यातून काही जणांना मेंदूचा एक जीवघेणा, असाध्य रोग झाला होता. त्याच वर्षी जीवाणूंकडून तयार करवलेल्या वृद्धी-संप्रेरकाला मान्यता मिळाली. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या विकाराच्या, रुग्णांची कहाणी अधिकच वेदनादायक आहे: हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेल्या गोठण-घटकांमधून कितीतरी रुग्णांना एचआयव्हीची बाधा झाली, आणि पेशींमध्ये तयार केलेला आठवा गोठण-घटक मिळायला १९९२ साल उजाडले. कोणाच्याही शरीरातून काहीही न काढता औषध मिळणे म्हणजे काय, हे या रुग्णांच्या घरच्यांना विचारावे.

पुढच्या काही वर्षांत अशा कंपन्या भराभर निघाल्या: १९७८ मध्ये बायोजेन, १९८० मध्ये ॲमजेन, १९८१ मध्ये जेन्झाइम. ॲमजेनने तांबड्या रक्तपेशींच्या निर्मितीला चालना देणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचे औषध १९८९ मध्ये आणले, आणि डायलिसिसवरच्या ज्या रुग्णांना वरचेवर रक्त चढवावे लागत असे, त्यांतील पुष्कळांची त्यातून सुटका झाली. जेन्झाइमने गोशे या दुर्मिळ आनुवंशिक विकारासाठी शरीरात कमी पडणारे विकर (एन्झाइम) बाहेरून देण्याचा मार्ग धरला. ते विकर आधी वारेतून, म्हणजे बाळंतपणानंतर पडणाऱ्या अपरेतून काढले जाई, आणि १९९४ पासून ते पेशींकडून तयार होऊ लागले.

आता थोडे संधिवाताच्या औषधांकडे वळतो. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची रीत शोधली. या रीतीच्या आधारे १९७९ मध्ये अमेरिकेत सेंटोकॉर ही कंपनी उभी राहिली. रक्तात जंतुसंसर्ग पसरून होणाऱ्या सेप्सिस या घातक अवस्थेवर तिने सेंटॉक्सिन नावाचे प्रतिपिंड तयार केले होते आणि आपले सगळे भवितव्य त्यावर पणाला लावले होते. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने उपलब्ध पुरावा अपुरा ठरवला. १९९३ च्या जानेवारीत नवी चाचणीही मध्येच थांबवावी लागली, कारण रुग्णांच्या एका गटात औषध घेणाऱ्यांचे मृत्यू अधिक दिसत होते. कंपनी बुडण्याच्या बेतात होती. मात्र तिच्याकडे टीएनएफ या दाह भडकवणाऱ्या प्रथिनाला अडवणारे दुसरे एक प्रतिपिंड होते. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांना आपल्या संशोधनातून असे दिसले होते की, संधिवाताच्या सांध्यांत हेच टीएनएफ दाहाच्या साखळीच्या टोकाशी बसलेले असते. त्यांनी १९९२ मध्ये ते प्रतिपिंड संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि सुजलेले सांधे उतरू लागले. तेच इन्फ्लिक्सिमॅब. त्याला १९९८ मध्ये आतड्याच्या क्रोन्स विकारासाठी आणि १९९९ मध्ये संधिवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी जॉन्सन अँड जॉन्सनने सेंटोकॉर विकत घेतली. इन्फ्लिक्सिमॅबचा काही भाग उंदराच्या प्रतिपिंडाचा आहे, तर २००२ च्या अखेरीस मान्यता मिळालेले ॲडॅलिमुमॅब पूर्णपणे मानवी घडणीचे आहे. बहिणीच्या औषधाचे नाव आपण लिहिलेले नाही, परंतु संधिवातावरची पुष्कळशी बायोलॉजिक औषधे याच घराण्यातली असतात.

सेंटोकॉरची ही हकीकत मी मुद्दाम सविस्तर सांगितली, कारण बायोटेक कंपनी म्हणजे काय हे तिच्यावरून नीट कळते. वर्षानुवर्षे विक्रीला काहीच नसलेली, गुंतवणूकदारांच्या पैशांवर चालणारी आणि एकदोन कल्पनांवर सगळी भिस्त ठेवलेली, असे या कंपन्यांचे रूप असते. मॉडर्ना २०१० मध्ये सुरू झाली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये तिच्या कोविड लशीला तातडीच्या वापराची परवानगी मिळेपर्यंत तिचे एकही उत्पादन बाजारात नव्हते. माणसांवरच्या चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात पाऊल ठेवणाऱ्या दहा औषधांपैकी साधारण एकच मान्यतेपर्यंत पोचते. म्हणून एखाद्या कंपनीने ‘आमच्या प्रयोगात उत्साहवर्धक परिणाम दिसले’ असे जाहीर केले, तर तो प्रयोग उंदरांवर होता, मूठभर रुग्णांवर होता की तुलनेसाठी दुसरा गट ठेवून शेकडो रुग्णांवर होता, हे आधी पाहावे. मी स्वतः बातमीतले बाकी सगळे सोडून आधी तेच वाचतो.

प्रत्यक्ष निर्मितीत काय घडते तेही सांगतो, कारण या औषधांच्या किमतीमागचे एक कारण तिथे आहे. बहुतेक प्रतिपिंडे चिनी हॅमस्टर या लहानशा प्राण्याच्या अंडाशयातून पूर्वी घेतलेल्या पेशींच्या वंशात तयार होतात. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली, करंगळीएवढी एक कुपी बाहेर काढायची, आतल्या पेशी हलकेच जाग्या करायच्या, छोट्या भांड्यातून मोठ्या भांड्यात असे करत काही आठवड्यांनी हजारो लिटरच्या बायोरिॲक्टरपर्यंत, म्हणजे पेशी वाढवण्याच्या बंद टाकीपर्यंत, न्यायच्या. तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवावे लागते, आम्लता आणि विरघळलेला ऑक्सिजन क्षणोक्षणी तपासावा लागतो. या पेशी दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेतात. एखादा जीवाणू आत शिरला तर तो अर्ध्या तासातही दुप्पट होतो. एकदा रात्रपाळीत पडद्यावरची ऑक्सिजनची रेघ अचानक खाली येऊ लागली. आम्ही नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा गोल, टपोऱ्या पेशींच्या मधून बारीक काड्यांसारखे जीवाणू वळवळताना दिसले. सहा आठवड्यांची मेहनत पहाटेपर्यंत निर्जंतुक करून गटारात सोडावी लागली. कोणीच फारसे बोलत नव्हते, कारण त्या बॅचची वाट पाहणारे रुग्ण आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होते. २००९ मध्ये जेन्झाइमच्या बोस्टनमधील कारखान्यात, माणसाला अपाय न करणारा पण या पेशी मारणारा एक विषाणू शिरला आणि गोशेच्या औषधाचा जगभर तुटवडा पडला. औषध तयार करणारी पेशी जिवंत असते, म्हणून ती आजारीही पडते.

अर्थात किमतीचे सगळे स्पष्टीकरण निर्मितीत नाही. अपयशी प्रयोगांचा खर्च, पेटंटची मक्तेदारी आणि रुग्णांपुढे दुसरा पर्याय नसणे हेही त्यात येते, आणि यातल्या शेवटच्या कारणाचा काही कंपन्यांनी वाजवीपेक्षा जास्त फायदा घेतला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जनुकोपचार आणि पेशी-उपचार हे पुढचे पाऊल आहे; २०२३ च्या अखेरीस सिकलसेल विकारासाठी जनुक-संपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. दुसरीकडे, १९८९ मध्ये निघालेली व्हर्टेक्स ही बायोटेक म्हणूनच ओळखली जात असली, तरी सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक विकारावरची तिची औषधे साध्या गोळ्याच आहेत. तेव्हा ‘बायोटेक’ हे नाव कधी औषधाच्या प्रकाराला तर कधी कंपनीच्या स्वभावाला लागते, हे ध्यानात असू द्यावे.

आता बायोसिमिलरविषयी. रासायनिक गोळीची नक्कल अगदी तंतोतंत होऊ शकते. पेशीने केलेल्या प्रथिनाची तशी होत नाही, कारण त्याला चिकटलेल्या शर्करांच्या साखळ्या पेशीगणिक थोड्या बदलतात. परंतु मूळ कंपनीच्याही दोन बॅच हुबेहूब सारख्या नसतात, आणि तो फरक ठरलेल्या मर्यादेत आहे ना, हेच आम्ही रोज तपासत असू. बायोसिमिलरला हीच कसोटी लावली जाते: रेणूची रचना, परिणाम आणि सुरक्षितता यांत मूळ औषधाशी महत्त्वाचा फरक नाही, हे नियामकापुढे सिद्ध करावे लागते. युरोपात २००६ मध्ये पहिले बायोसिमिलर मान्य झाले आणि तेव्हापासून मिळालेला अनुभव समाधानकारक आहे. म्हणून मान्यताप्राप्त बायोसिमिलर डॉक्टर देत असतील, तर केवळ नावापायी घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र औषध टीएनएफ अडवणारे असेल, तर सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी झाली आहे ना, हे अवश्य विचारा, कारण हे औषध त्या रोगाला दाबून ठेवणारी शरीराची शक्ती कमी करते. प्रत्येक इंजेक्शनचे नाव आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक एका वहीत लिहून ठेवा, म्हणजे काही त्रास झाल्यास तो नेमका कोणत्या बॅचचा हे शोधता येईल. आणि इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठले की प्रथिनाच्या घड्या बिघडू शकतात, आणि द्रव स्वच्छ दिसत असला तरी ते इंजेक्शन वापरू नये.