आधी मुलाला विचारा, मग कॅनडाचा अर्ज

प्रश्न : मुलगा 25 वर्षांचा, अविवाहित, मेकॅनिकल इंजिनिअर आहे. नोकरीला सव्वादोन वर्षं झाली. त्याला कॅनडाची पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळावी म्हणून आम्ही एजंट गाठला आहे. आमच्या आग्रहामुळे त्याने आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, लिसनिंग 7.5, रीडिंग 7, रायटिंग 6.5, स्पीकिंग 7 बँड आले. एजंट म्हणतो, तीन वर्षांचा अनुभव दाखवल्याशिवाय फाईल लागत नाही, तशा अनुभवाच्या पत्राची सोय तो करेल. मुलगा सध्याच्या नोकरीत रमला आहे, म्हणून त्याला सगळं सांगितलेलं नाही. सहीच्या वेळी सांगू. पत्र घ्यावं का?

उत्तर : घेऊ नका. पण माझी खरी काळजी त्या पत्राची नाही, ‘सहीच्या वेळी सांगू’ या तुमच्या वाक्याची आहे.

देश सोडायचा मुलाने, परक्या ठिकाणी नव्याने नोकरी शोधायची त्याने, आणि हे सगळं कळणार सर्वांत शेवटी त्यालाच? तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात त्याचं वय आहे, बँड आहेत, पण त्याचं मत कुठेच नाही. तो कामात रमला आहे, हे तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय. पंचविशीतल्या मुलाला आवडीचं काम मिळालं असेल तर ती आनंदाची गोष्ट आहे हो!

शिवाय एजंटने भरला तरी अर्ज मुलाचाच असतो, त्यातल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी त्याची. अनुभवाच्या पत्रात पद, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, तारखा असं सगळं द्यावं लागतं आणि अधिकारी कंपनीला थेट फोन करून विचारू शकतो. खोटं सापडलं तर कॅनडाच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षं प्रवेशबंदी होते, त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. ही शिक्षा मुलाला होईल, एजंटला नाही. ज्या कागदाची त्याला कल्पनाच नाही त्याचा डाग त्याच्या नावावर लागेल, आणि तो तुमच्या हातून.

आता ‘तीन वर्षं लागतातच’ या समजाबद्दल. फेडरल स्किल्ड वर्कर या, कुशल कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या योजनेसाठी गेल्या दहा वर्षांतला सलग एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव पुरतो. पात्रतेला 100 पैकी 67 गुण लागतात. तुमच्या मुलाचे पदवीचे 21, इंग्रजीचे 22, अनुभवाचे 11, वयाचे 12, म्हणजे 66 होतात. एक गुण कमी. तीन वर्षं दाखवली तरी हा गुण मिळत नाही, कारण दोन आणि तीन वर्षांना सारखेच 11 आहेत. तो मिळेल इंग्रजीत. रायटिंग 7 आणि लिसनिंग 8 झालं की बेरीज 68. पुढे एक्सप्रेस एंट्री, म्हणजे पात्र उमेदवारांमधून निवड करायची पद्धत, तिच्या 1200 गुणांच्या क्रमवारीत याच दोन अर्ध्या बँडांमुळे 40 गुण वाढतात. आजच्या बँडवर तिसऱ्या वर्षाने वाढतात 12. म्हणजे एजंट तुम्हाला खोटेपणा करायला सांगतोय तो 12 गुणांसाठी, तेही पात्रतेलाच एक गुण कमी असताना! आणि नऊ महिने थांबलात तर तिसरं वर्ष खरंच पूर्ण होणार आहे.

वय निघून जाईल ही भीतीही सोडा. क्रमवारीत 20 ते 29 या वयाला पूर्ण गुण आहेत. पदवीचं मूल्यांकन, निधीचा पुरावा ही कामं रीतसर होतात, त्यांचं दडपण नको. आयईएलटीएस जनरल ट्रेनिंगची आहे ना, तेवढं बघा. अॅकॅडमिक इथे चालत नाही. पैसे घेऊन अर्ज भरणारा सल्लागार तिथल्या अधिकृत नियामक संस्थेचा परवानाधारक किंवा तिथला वकील असावा लागतो. तुमच्या एजंटला परवाना क्रमांक विचारा. पण खोटं पत्र सुचवणाऱ्याकडे परवाना निघाला तरी मी त्याच्याकडे काम ठेवणार नाही.

आज मुलाला समोर बसवून सगळं सांगा, हे उत्तरही वाचायला द्या. त्याला जायचं असेल तर एक्सप्रेस एंट्रीचं प्रोफाइल त्याच्या ईमेलवरून त्याने स्वतः उघडावं, पासवर्ड त्याच्याकडेच राहावा, आणि रायटिंग-लिसनिंगची तयारी करून परीक्षा पुन्हा द्यावी. तो नको म्हणाला तर एजंटला काम थांबवायला सांगा, दिलेली कागदपत्रं परत मागा आणि घरी हा विषय पुन्हा काढू नका. पुढे कधी त्याला वाटलं तर तो स्वतःच काढेल.