तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : ओव्हनचा जळका थर

प्रश्न : आमच्याकडे २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे. तीन वर्षं केक, नानकटाई, तंदुरी असं सगळं त्यातच होतं. आता आतल्या भिंती तपकिरी आणि चिकट झाल्या आहेत. ओव्हन लावला की दहा मिनिटांत धूर येतो आणि केकलाही जळकट वास लागतो. खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि लिंबू एकत्र करून लावलं. फेस भरपूर आला, पण डाग होते तसेच आहेत. काय चुकलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : चूक एकच झाली, ती म्हणजे तिन्ही गोष्टी एकत्र केल्या. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आणि लिंबू आम्ल. एकत्र आले की ते एकमेकांनाच संपवतात. जो फेस दिसतो तो फक्त कार्बन डायऑक्साइड वायू. तो उडून गेला की वाटीत उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. एका मोठ्या चमच्यातला साधारण १५ ग्रॅम सोडा निकामी करायला ५ टक्क्यांचं सुमारे २०० मिली व्हिनेगर लागतं. म्हणजे वाटीत ज्याचं प्रमाण जास्त, त्याचा थोडा अंश उरतो, एवढंच. दोन्ही वापरायचे, पण एकामागून एक : आधी सोडा, अगदी शेवटी व्हिनेगर.

भिंतीवर जे चिकटलं आहे ते आता साधं तेल राहिलेलं नाही. उडालेलं तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंफतात आणि वार्निशसारखा थर तयार होतो. म्हणून भांड्याच्या साबणाने तो हलत नाही. त्याला ओलावा, सोडा आणि वेळ लागतो. जोर कमी आणि वेळ जास्त, हे धोरण ठेवा.

सुरुवात करण्याआधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही. मग आतली भिंत नीट बघा. काचेसारखी गुळगुळीत, काळी किंवा करडी असेल तर ते इनॅमल. त्यावर लेप रात्रभर राहिला तरी चालतो. चंदेरी पत्रा असेल (बहुतेक ओटीजींत तोच असतो) तर त्यावर ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा पातळ मुलामा असतो. तिथे लेप एका वेळी एक तासच ठेवा. गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. रात्रभर ठेवला तर पत्रा काळपट पडू शकतो. आधी मागच्या कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर लावून बघितलेलं बरं.

जाळ्या, ट्रे, खालचा चुऱ्याचा ट्रे बाहेर काढा. सुका चुरा ब्रशने झाडून घ्या. तो ओला झाला तर चिखल होतो आणि काम दुप्पट वाढतं. मग एका पातेल्यात लिटरभर उकळतं पाणी घेऊन ते ओव्हनच्या तळाशी ठेवा आणि दार लावून अर्धा तास विसरून जा. वाफेने थर मऊ पडतो. पाणी सांडणार नाही एवढं भांडं खोल हवं.

आता लेप. अर्धा कप (साधारण १०० ग्रॅम) खाण्याचा सोडा घ्या आणि त्यात मोठे तीन चमचे पाणी थोडं थोडं घाला. लेप श्रीखंडाएवढा घट्ट हवा, चमचा उलटा केला तर पडायला नको. पातळ झाला तर तो भिंतीवरून ओघळतो आणि थेट कॉइलच्या (तापणाऱ्या नळ्यांच्या) टोकांशी, जिथे त्या भिंतीत शिरतात तिथे, जाऊन बसतो. ती जागा आणि हवेच्या झरोक्यांची बाजू कोरडीच राहिली पाहिजे. म्हणून फवाऱ्याची बाटली इथे वापरू नका. जुन्या टूथब्रशने किंवा बोटांनी लेप लावा, जाड डागावर थोडा जास्त.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात, हा लेप अर्ध्या तासात वाळून पांढरा पडतो. वाळलेला सोडा काहीच काम करत नाही. दार बंद ठेवा आणि लेपावर ओलं, घट्ट पिळलेलं फडकं चिकटवून ठेवा.

तासाभराने लेप तपकिरी झालेला दिसेल. प्लास्टिकच्या उलथन्याने तो खरवडा आणि ओल्या कापडाने पुसा, दर वेळी कापड नव्याने पिळून. तारेची घासणी मात्र नको. ती मुलाम्यावर ओरखडे पाडते आणि तिथूनच पुढे गंज धरतो. कोकणातल्या दमट हवेत तर एका पावसाळ्यात. तिचे तुटलेले तुकडे कॉइलवर अडकले तर ते वेगळंच संकट. कॉइल घासायच्या नसतातच. त्यांच्यावरचं तेल तापल्यावर आपोआप जळून जातं. थंड असताना ओलसर कापड एकदा फिरवलं की पुरे.

शेवटी भिंतींवर पांढरी झाक राहते, तो उरलेला सोडा. आता व्हिनेगर. पाव कप व्हिनेगर आणि पाव कप पाणी एकत्र करून कापड त्यात भिजवा, पिळा आणि पुसा. मग साध्या पाण्याच्या कापडाने पुन्हा पुसा. दार उघडं ठेवून चार-पाच तास वाळू द्या. पहिल्यांदा लावताना खिडकी उघडी ठेवा आणि रिकामा ओव्हन १०० अंशांवर १० मिनिटं, नंतर २०० अंशांवर १५ मिनिटं चालवा. थोडा वास येईल. धूर आला तर कुठेतरी थर राहिला आहे, ती जागा शोधून तेवढ्यावरच लेप लावा.

प्रश्न : जाळ्या धुण्याच्या सोड्यात भिजवल्या, त्या छान निघाल्या. त्याच पाण्यात केकचा ट्रेही टाकला, तो काळा पडला. आता टाकून द्यावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकू नका. ट्रे ॲल्युमिनियमचा असणार. धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यापेक्षा पुष्कळ तीव्र असतो. तो ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर खातो आणि धातू काळवंडतो. ट्रे बुडेल एवढ्या मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, दर लिटरला मोठे दोन चमचे व्हिनेगर किंवा लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ घाला, ट्रे त्यात १० ते १५ मिनिटं उकळा. रंग बराचसा परत येतो.

स्टीलच्या जाळ्यांसाठी तुमची पद्धत योग्यच आहे : ५ लिटर गरम पाणी, अर्धा कप धुण्याचा सोडा, भांड्याचं लिक्विड एक चमचा, तीन-चार तास, आणि हातात रबरी मोजे. कॉस्टिक सोडा मात्र घरात कशालाच वापरू नका. तो कातडी जाळतो, आणि ॲल्युमिनियमशी संयोग झाला की पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो.

प्रश्न : दाराच्या काचेवरचे तेलाचे ओघळ ब्लेडने काढू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी सोड्याचा तोच लेप अर्धा तास ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. बहुतेक ओघळ त्यानेच जातात. ब्लेड टाळा. ही काच कडक केलेली असते आणि तिच्यावर खोल चरा पडला तर पुढे तापताना तिथून तडकू शकते. गरम काचेला ओलं फडकं लावायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम केल्यापासून वास जात नाही. शिवाय उजव्या भिंतीशी ठिणग्या दिसतात. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वासाचं सोपं आहे. काचेच्या भांड्यात एक कप पाणी, त्यात अर्धं लिंबू पिळून साल तसंच टाका आणि एक लाकडी काडी ठेवा. काडी नसेल तर पाणी न उकळता जास्त तापतं आणि हलवल्यावर अंगावर उसळू शकतं. पूर्ण शक्तीवर ४ मिनिटं चालवा, दार न उघडता ५ मिनिटं थांबा, मग पुसा. छत विसरू नका, वास तिथेच धरून राहतो. रात्री खाण्याच्या सोड्याची वाटी आत ठेवा.

ठिणग्यांकडे मात्र आजच लक्ष द्या. त्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा पातळ तुकडा असतो. त्यावर उडालेलं तेल जळून कोळसा झाला की ठिणग्या पडतात. तो तुकडा भिजवून किंवा घासून पूर्ववत होत नाही, बदलावा लागतो. सुट्या भागांच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. बदलेपर्यंत मायक्रोवेव्ह लावू नका.

प्रश्न : इथल्या ओव्हनला स्वतःच साफ होण्याचं बटण आहे. मग सोड्याची गरज काय? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : त्या बटणाने ओव्हन जवळपास ४८० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि थराची राख होते. पण तळाशी तेलाचं थारोळं असेल तर ते पेटू शकतं, म्हणून जाड थर आधी लेपाने काढा आणि सोड्याचा कणही न ठेवता पुसून घ्या. जाळ्या बाहेर काढा, नाहीतर त्यांची चकाकी जाते. दाराभोवतीची विणलेली पट्टी ओली करू नका, घासूही नका. घरात पोपट किंवा दुसरा पक्षी असेल तर त्या दिवशी त्याला दुसऱ्या घरी ठेवा. या धुराचा पक्ष्यांच्या फुप्फुसांना जिवावरचा त्रास होऊ शकतो.