घरी शाकाहारी जपानी नाबे कसं करावं? त्यासाठी मातीचं भांडं घ्यावंच लागतं का?

नाबे म्हणजे एकाच भांड्यात शिजवून टेबलावर सगळ्यांनी मिळून खायचा पातळ रस्सा. भांड्याचं आधी सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात सहा वर्षं वाद चालू आहे. घ्यावंच लागतं असं नाही, जाड बुडाचं पसरट पातेलं चालतं. पण घेतलंत तर पाहुण्यांच्या हाती देऊ नका.

तोक्योत निशी-कासाईला राहायला आलो त्या हिवाळ्यात मी डोनाबे, म्हणजे नाबेचं मातीचं भांडं घेतलं, जपानातल्या इगा गावचं. तिथली माती म्हणजे पुरातन बिवा सरोवराच्या तळाचा गाळ. त्यातला झाडापाल्याचा अंश भट्टीत जळून जातो आणि बारीक छिद्रं राहतात. त्यामुळे भांडं सावकाश तापतं, सावकाश निवतं, टेबलावर शेवटच्या घासापर्यंत गरम राहतं. नवं भांडं आणलं की आधी त्यात भाताची पेज शिजवायची, म्हणजे छिद्रं बुजतात. सासूबाईंना फोनवर हे कौतुकानं सांगितलं, तर म्हणाल्या, "त्यात काय नवल? आमच्याकडेसुद्धा नव्या मडक्यात पहिल्यांदा पेजच व्हायची." मी भांड्यासकट सासरी पास झाले.

मग जानेवारीत ठाण्याहून भाऊजी आले.

आदल्या रात्री मी १ लिटर पाण्यात १० ग्रॅम कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) भिजत घातला होता. नुसता ओल्या फडक्यानं पुसून. त्यावरची पांढरी पूड धुवायची नाही, ती चवीची असते. वेगळ्या वाडग्यात चार सुके शिताके मशरूम. शाकाहारी नाबेत चव येते ती या दोन पाण्यांतून, बाकी सगळं पाहुणं. १९०८ साली किकुनाए इकेदांनी कोम्बूतूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. तर मंद आचेवर पाणी तापवलं, कडेला बारीक बुडबुडे दिसले तसा कोम्बू बाहेर काढला. भाऊजी म्हणाले, "काढलास कशाला? चांगला उकळू दे की, अर्क उतरेल!" आणि मी टोफू कापायला वळले तेवढ्यात पट्टी परत आत, गॅस मोठा. कोम्बू खळखळा उकळला की पाणी बुळबुळीत होतं आणि वास मारतं. तसंच झालं. वर पहिला घास घेऊन शेरा, "हे तर आजाऱ्याचं जेवण."

नाबेवर हुकमत गाजवणाऱ्याला जपानी लोक गमतीनं नाबे-बुग्यो म्हणतात. बुग्यो म्हणजे जुन्या काळचा कोतवाल. त्या रात्री एका भांड्यावर दोन कोतवाल होते.

जेवणं झाल्यावर भाऊजी उठले. "थांबा, उरलेल्या भाज्यांचा झणझणीत रस्सा करून दाखवतो." भांडं रिकामं करून विसळलं, बूड ओलं, तसंच गॅसवर ठेवलं, आच पूर्ण, आत तेल. मोहरी तडतडायच्या आधी भांडंच तडकलं.

"जपानी माल कच्चा," हा निकाल ठाण्यात अजून कायम आहे. तर लिहून ठेवते: डोनाबेच्या बुडाला बाहेरून झिलई नसते, ते पाणी पितं. ओल्या बुडानं मोठ्या आचेवर ठेवलं की तडकतं. कोरडं, रिकामं भांडंही तापवायचं नसतं. माल पक्का होता.

बरं, तुमचं नाबे. कडक ते आधी: मुळा, गाजर, हाकुसाईचे पांढरे देठ. हाकुसाई म्हणजे भारतात चायनीज कोबी म्हणून मिळतो तो. मग मशरूम, टोफू. कोबीची पानं शेवटी, आणि शुंगिकू मिळालाच (शेवंतीच्या कुळातली पालेभाजी) तर जेमतेम मिनिटभर. पाणी नुसतं हलत राहिलं पाहिजे, उसळायला नको. आपला मुळा उग्र असतो, आधी वेगळा उकडून घ्या. बुडवून खायला सोया सॉस आणि लिंबू. कागदी लिंबू असेल तर रस निम्माच. शेवटी उरलेल्या पाण्यात भात किंवा उदोन (जाड नूडल्स) घालतात, तो भाग सोडू नका, सगळी चव तिथे उतरलेली असते.

शाकाहारी असाल तर तयार मसाल्याची पाकिटं, दाशीची (जपानी सुपाच्या पाण्याची) पूड, बाटलीतला पोन्झू (लिंबाचं आंबट सॉस) यांवर विसंबू नका. बहुतेकांत कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेला मासा असतो. मी पहिलं वर्षभर न वाचताच खात होते, हे सासूबाईंना सांगू नका.

हो, आणि राहिलंच: कोम्बूत आयोडीन फार असतं, थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून खा. साध्या इंडक्शनवर मातीचं भांडं तापत नाही. आणि फोडणी घालायचीच असेल तर लोखंडी कढई काढा.