वैमानिकाने राष्ट्रीय संघटनेचं सदस्य व्हावं का?

तुमचा भाचा लोहगावहून रात्रीची विमानं उडवतो, म्हणून विचारलंत. माझं स्पष्ट मत आहे, व्हावं.

पगार प्रत्येक कंपनीत ठरतो, तिथे देशपातळीवरची संघटना फारसं काही करू शकत नाही. विश्रांतीचे नियम मात्र डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, सगळ्यांसाठी एकच करते. जानेवारी २०२४ मध्ये तिने आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली आणि रात्रीच्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच लँडिंगची मर्यादा घातली. कंपन्यांच्या विरोधामुळे ते सगळं लांबलं. वैमानिक संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात पाठपुरावा केला, तेव्हा कुठे जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. या नियमांची पुरेशी तयारी नसल्याने डिसेंबरात इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली, आपल्या पुण्यातही लोक विमानतळावर ताटकळले. कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट मिळाली, त्यावर एएलपीए इंडिया या वैमानिकांच्या राष्ट्रीय संघटनेने उघड आक्षेप घेतला. एकट्या फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, हे बोलून बघावं! त्याचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, कंपनीच्याच हातात असतं, आणि २०१७ पासून नोकरी सोडायलाही त्याला सहा महिन्यांची नोटीस लागते, कॅप्टनला वर्षभराची.

नोकरीची हमी मात्र कुठलीच संघटना देत नाही. २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा तिथे वैमानिकांची संघटना होतीच, तरी पगार थकलेच.

वर्गणी भरण्याआधी एवढं विचारा: चौकशी लागली तर वकील मिळतो का, आणि मेडिकलमध्ये परवाना गेला तर सामूहिक विमा आहे का.