तिसऱ्यांदा नीट नको

प्रश्न : मुलीने दोनदा नीट दिली. जनावरांची ओढ आहे म्हणून बी.व्ही.एस्सी. करून जनावरांची डॉक्टर हो म्हणतो, तर म्हणते, शाश्वत विकासाच्या धोरणात जनावरांचा विचार व्हावा यासाठी काम करायचंय. ही भूतदया झाली, नोकरी कुठाय? पुन्हा क्लास लावलाय. तिला समजवा.
– ऊस उत्पादक पालक, नेवासा तालुका

उत्तर : दादा, समजवायचं तर तुम्हालाच आहे. पत्रात तुमची दोन पानं आहेत आणि कोपऱ्यात पेन्सिलीने तिची एक ओळ : ‘मला बैलाला इंजेक्शन द्यायचं नाही, त्याचा खांदा सुजूच नये म्हणून काय करायचं ते शिकायचंय.’ क्लास लावताना तिला विचारलं होतं का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. एक वर्ष तुमच्या हट्टापायी गेलं. दुसरं घालवू नका.

जनावरांचा डॉक्टर होण्याचा रस्ता चांगला आणि सरळ आहे : नीट, मग साडेपाच वर्षं. पण तो तिचा नाही.

आता भूतदयेचं. हंगामात कारखान्याच्या आवारातल्या टायरगाड्या बघा. जू घासून बैलाच्या मानेवर गाठ आलेली असते, कातडी सोलवटलेली असते. डॉक्टर मलम देईल, पण पहाटे तोच बैल पुन्हा जुंपला जाईल, कारण वाहतुकीचा पैसा टनावर मिळतो आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. गाडीवाला निर्दय नाही, त्याचा हिशेबच तसा बांधलाय. ओझं ओढणाऱ्या जनावरांचा छळ होऊ नये म्हणून केलेल्या 1965 च्या नियमांत ओझ्याला मर्यादा आहे. दिवसाला 9 तासांहून जास्त काम नको, सलग 5 तासांहून जास्त नको, पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. ऊस तर काट्यावर मोजला जातोच. पावतीवरचा आकडा नियमाशी कोणी ताडायचा, दर कसा बांधला तर गाडीवाल्याचं पोट भरून बैलही वाचेल, हे ठरवणं म्हणजे धोरण. आणि ती हवेत बोलत नाहीये. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांत प्राणिकल्याणाचं वेगळं उद्दिष्ट नाही, पण मार्च 2022 मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने प्राणिकल्याण, पर्यावरण आणि शाश्वत विकास यांच्या नात्यावर ठराव केला.

प्राणिकल्याण धोरण या नावाने नोकरीच्या जाहिराती सहसा येत नाहीत आणि सुरुवातीला पगार बेताचा असेल, हे तिलाही सांगा. सीईटी देऊन पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम घेऊ दे किंवा अर्थशास्त्र. पुढे हैदराबादच्या नालसार या कायद्याच्या विद्यापीठात प्राणी कायदा शिकता येतो.

क्लासचे पैसे परत मागा, नाही मिळाले तर सोडून द्या. सीईटीचा फॉर्म तिचा तिला भरू द्या.