रेकॉर्डिंगची यंत्रणा घेताना : वाचकांचे प्रश्न

गावोगावच्या भजन मंडळांकडून आणि नाटकवाल्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : खंजेरी भजनाचे मंडळ आहे. तीन गायक, हार्मोनियम, तबला, खंजेरी. दुकानदार बारा चॅनेलचा यूएसबी मिक्सर घ्या म्हणतो. (मोर्शी)

त्याला एकच विचारा : संगणकात ट्रॅक (वेगवेगळे नोंदलेले आवाज) किती जातात? बहुतेक स्वस्त यूएसबी मिक्सरमधून दोनच जातात, डावा आणि उजवा. एकदा मिसळ झाली की नंतर एकटी खंजेरी कमी करता येत नाही. तबल्याचे दोन धरून तुम्हाला सात माइक लागतात, म्हणजे आठ माइक प्रीअँपचा (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या सर्किटांचा) ऑडिओ इंटरफेस हवा, म्हणजे प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर संगणकात नेणारे खोके. खोक्यावरच्या ‘१८ इन’ला भुलू नका, त्यात अॅडॅट आणि एसपीडिफ हे डिजिटल जोडही धरलेले असतात, माइकचे आठच असू शकतात. पैसे देण्यापूर्वी तपशीलपत्रक एखाद्या जाणत्या रेकॉर्डिस्टला दाखवा.

प्रश्न : १९२ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करावे की ४८ वर? (दारव्हा)

४८ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), प्रत्येक नमुना २४ बिटचा. आठ ट्रॅकच्या एका तासाला साधारण ४ जीबी लागतात. १९२ वर त्याच्या चौपट.

प्रश्न : लॅपटॉपचा चार्जर लावला की घूंऽऽ येते. ओळखीच्या माणसाने प्लगची अर्थिंगची पिन कापली, आवाज गेला. चालेल ना? (वणी)

नाही. तो प्लग आजच बदला. माइकची धातूची जाळी केबलच्या शील्डमधून (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणातून) यंत्राच्या बॉडीला जोडलेली असते. बॉडीत करंट उतरला आणि अर्थिंग नसले, तर तो ओठ टेकवून गाणाऱ्या माणसातून जातो.

घूं येते ती बहुधा यंत्रे वेगवेगळ्या बोर्डांवर लावल्याने, किंवा अर्थिंगच कच्चे असल्याने. आधी सगळी यंत्रे एकाच बोर्डावर आणा, केबली बॅलन्स्ड (दोन तारा आणि शील्ड असलेल्या) वापरा. मग वायरमनकडून मीटर लावून घ्या : फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आकडे बरोबर आले तरी हुरळून जाऊ नका. मीटर वीज ओढतच नाही, त्यामुळे अर्थिंगचा खराब खड्डाही त्यावर चांगला दिसतो. त्यासाठी खड्ड्याचा रोध मोजणारा अर्थ टेस्टरच लागतो.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि जानेवारीत ठीक असलेले अर्थिंग मेमध्ये निकामी होते. दोन लाखांची यंत्रणा घेणारे खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत नाहीत! स्टुडिओपुरती वेगळी सळई ठोकून घराच्या अर्थिंगपासून तोडून ठेवण्याचा सल्लाही ऐकू नका, तो धोक्याचा आहे. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. सगळे ठीक असूनही घूं राहिलीच, तर टेकपुरता (गाणे रेकॉर्ड होईपर्यंत) लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

प्रश्न : लाइन जाते म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर चालवले तर भणभण येते. (लाखांदूर)

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल. प्युअर साइन वेव्हचा (लाइनसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्या. किती व्हीएचा (हे इन्व्हर्टरच्या ताकदीचे माप), ते यंत्रांचे वॅट मोजून वायरमन सांगेल.

प्रश्न : गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. रॅम वाढवू? (तुमसर)

रॅमचा इथे संबंध नाही. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाची ये-जा जलद करणारे सॉफ्टवेअर) टाका आणि बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढे नमुने) १०२४ वरून १२८ वर आणा. ४८ किलोहर्ट्झला १०२४ म्हणजे एका बाजूनेच २१ मिलिसेकंद, १२८ म्हणजे तीनच्या आत. तडतड आली तर २५६ ठेवा आणि गायकाला डायरेक्ट मॉनिटर (संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला मिळणारा आवाज) द्या.

प्रश्न : टिनाच्या छपराखाली खोली आहे. अंड्याचे ट्रे लावू? (आर्वी)

नको. ते पावसाचा आवाज अडवत नाहीत, पेट मात्र लवकर घेतात. गायकाच्या मागे आणि बाजूंना कापसाच्या जाड गाद्या उभ्या करा, दूरचे आवाजही टिपणाऱ्या कंडेन्सर माइकऐवजी डायनॅमिक माइक वापरा, आणि टेक चालू असेपर्यंत कूलर बंद.

प्रश्न : झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर. तोवर नवे मॉडेल येईल, थांबू का? (वडसा)

थांबून काय मिळणार? नाटकाची गाणी एकेक आवाज घेऊन करायची, तर दोन इनपुटांचा इंटरफेस पुरतो. सॉफ्टवेअर चोरीचे टाकू नका. रीपर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण चालवून पाहता येते. खरेदी पोळ्याला करा की दसऱ्याला, वायरमनला मात्र या आठवड्यात बोलवा.