ठाण्यात ट्रस्टने गरीब कुटुंबांना नाममात्र भाड्याने खोल्या दिल्या तर प्रॉपर्टी टॅक्स माफ होतो का?

नाही हो, भाडं घेतलंत की माफी जाते, मग ते अगदी नाममात्र असलं तरी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम १३२ बघा, धर्मादाय वापराच्या इमारतीला सामान्य कर (प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातला एक कर) माफ आहे पण ज्या जागेचं भाडं येतं ती त्यात धरतच नाहीत, आणि भाड्याचा सगळा पैसा धर्मादाय कामालाच लावला तरीसुद्धा नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. आमच्या ट्रस्टची टॅक्सची कागदपत्रं मीच बघतो, त्यामुळे हे कलम बऱ्याचदा वाचून झालंय. मला हे चुकीचंच वाटतं, कारण कॅलिफोर्नियात कमी उत्पन्नवाल्यांना घरं भाड्याने देणाऱ्या धर्मादाय संस्थांना याच कामासाठी सूट मिळते.

एक मात्र आहे, त्याच इमारतीत तुम्ही मोफत दवाखाना किंवा अभ्यासिका चालवत असाल तर तेवढा भाग वेगळी मिळकत धरून त्याची माफी मागता येते. खोल्यांचा आणि त्या भागाचा नकाशा वेगळा दाखवून प्रभाग समितीच्या कर विभागात अर्ज द्या. माफी फक्त सामान्य कराची असते, बिलात शिक्षण कर, वृक्ष कर वगैरे ओळी वेगळ्या असतात त्या नीट बघून घ्या.